टोमॅटोच्या पैदाशीसाठी जननद्रव्यातील जनुकीय विविधता कशी मोजावी

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात हंगामात उभे राहिले, तर क्रेटमधून गोल, लांबट, चपटी, खाचा असलेली, देठाजवळ हिरवी राहिलेली, गडद लाल आणि फिकट लाल अशी अनेक तऱ्हांची फळे दिसतात, आणि या पिकात विविधतेला तोटा नसावा असे वाटते. डीएनएच्या पातळीवर मात्र चित्र उलटे आहे. मिलर आणि टँक्सली यांनी १९९० मध्ये जंगली आणि लागवडीखालील टोमॅटोंची तुलना प्रसिद्ध केली. पेरुव्हियानमसारख्या स्वतःच्या परागाने फळ न धरणाऱ्या जंगली प्रजातीच्या एकाच नमुन्यात जितकी विविधता आढळली, तितकी स्वपरागित प्रजातींपैकी कोणत्याही एका प्रजातीच्या सर्व तपासलेल्या नमुन्यांत मिळूनही आढळली नाही. लागवडीखालील टोमॅटोमध्ये जंगली नातेवाइकांच्या विविधतेचा पाच टक्क्यांहूनही कमी हिस्सा उरला असावा, असा अंदाज त्या काळापासून मांडला जातो.

याचे कारण पिकाच्या प्रवासात आहे. पेरू-इक्वेडोरकडील वाटाण्याएवढ्या फळांच्या सोलॅनम पिम्पिनेलिफोलियमपासून चेरी टोमॅटो, आणि त्यापासून मोठ्या फळांचा आजचा टोमॅटो, अशा दोन टप्प्यांत निवड झाल्याचे ३६० नमुन्यांच्या जनुकसंचावर आधारलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. पुढे मेक्सिकोतून मोजकेच बियाणे युरोपात गेले आणि तेथून जगभर पसरले. प्रत्येक टप्प्यावर थोडीच झाडे पुढे गेली, आणि पीक स्वपरागित असल्यामुळे जे गेले ते लवकर एकसारखे झाले. फळाच्या आकारात दिसणारा फरक हा बराचसा सन, ओव्हेट, लॉक्युल नंबर आणि फॅसिएटेड या चार जनुकांच्या रूपांतून येतो. चार जनुकांनी बाजार रंगीबेरंगी होऊ शकतो, पण पैदासकाराला त्यातून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही.

दुसरी फसवणूक याच्या नेमकी विरुद्ध दिशेची आहे. आधुनिक संकरित वाणांच्या डीएनएमध्ये कधीकधी भरपूर विविधता दिसते, पण ती सर्व गुणसूत्रांवर विखुरलेली नसून रोगप्रतिकारासाठी जंगली प्रजातींतून आणलेल्या दोन-चार तुकड्यांत साठलेली असते. म्हणून टोमॅटोत विविधतेचे मूल्यमापन शेतातील नोंदी आणि डीएनए या दोन्ही बाजूंनी करावे लागते, आणि दोन्ही निष्कर्ष एकमेकांसमोर ठेवून वाचावे लागतात. पुढील मांडणी कृषी विद्यापीठातील विद्यार्थी, लहान बियाणे कंपन्यांतील पैदासकार आणि स्थानिक वाणांचे संवर्धन करणारे गट यांना डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

आधी प्रश्न, मग नमुने

"विविधता मोजायची आहे" हा प्रश्न अपुरा आहे. संकरासाठी दूरचे पालक शोधायचे आहेत, जमवलेल्या संग्रहातील दुबार नमुने काढून टाकायचे आहेत, पर्णगुच्छ रोगाला प्रतिकार करणारे नवे स्रोत हवे आहेत, की स्थानिक वाणांची नोंदणी करायची आहे, यावर नमुन्यांची संख्या, मार्करचा (डीएनएतील फरक दाखवणाऱ्या खुणेचा) प्रकार आणि शेतातील आराखडा हे सर्व ठरते. दुबार नमुने ओळखण्यासाठी शेतात एक हंगाम घालवण्याची गरज नसते. उलट उष्णता सहन करणारे पालक शोधायचे असतील, तर नुसत्या डीएनए-अंतराचा उपयोग फारच थोडा. हा प्रश्न एका वाक्यात लिहून कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर ठेवावा. विश्लेषणाच्या वेळी सॉफ्टवेअरमधून दहा प्रकारच्या आकृत्या निघू लागल्या की ते वाक्यच आधाराला येते.

नमुन्यांचे तीन स्रोत सर्वसाधारणपणे उपलब्ध असतात. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडून (त्याचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे) साहित्य हस्तांतरण करारावर बियाणे मागवता येते; तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राचा टोमॅटोचा संग्रह मोठा आहे, मात्र परदेशातून येणारे बियाणे ब्युरोमार्फत आणि संगरोध तपासणीतूनच यावे लागते. दुसरा स्रोत म्हणजे सरळ वाण: पुसा रुबी, अर्का विकास, पीकेएम-१, पंजाब छुहारा, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची धनश्री आणि भाग्यश्री. तिसरा स्रोत म्हणजे परसबागा. विदर्भात लहान, आंबट, गावठी टोमॅटोला 'भेदरं' म्हणतात, आणि गोळा करणाऱ्याने तेथे जाऊन 'टोमॅटोचे देशी वाण आहे का' असे विचारले, तर नकार मिळण्याचीच शक्यता जास्त. स्थानिक नाव ठाऊक असणे हे या टप्प्यावर उपकरणाइतकेच महत्त्वाचे आहे.

शेतकऱ्याकडून बियाणे घेताना गाव, तालुका, उंची, बियाणे त्या घरात किती वर्षांपासून आहे, कोणत्या हंगामात लावतात आणि फळाचा वापर कशासाठी होतो, हे तेथेच लिहून घ्यावे. एकाच झाडाच्या फळाऐवजी शक्य तितक्या झाडांवरून एकेक फळ घ्यावे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ नुसार शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी होऊ शकते आणि जैवविविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असते. त्यामुळे संमती आणि मालकी यांच्या नोंदी ठेवणे हे सौजन्यापुरते मर्यादित नाही.

बाजारातील संकरित वाणांविषयी एक इशारा द्यायला हवा. अर्का रक्षकसारखा संकरित वाण तुलनेसाठी शेतात जरूर लावावा, पण त्याची पहिली पिढी ही दोन पालकांची बेरीज आहे. तो संग्रहातील 'एक नमुना' म्हणून मोजला, तर विषमयुग्मी स्थाने (जेथे दोन पालकांकडून जनुकाची दोन वेगळी रूपे आली आहेत) भरपूर दिसतात आणि संपूर्ण संग्रहाची सरासरी चढते. त्याच्या फळातील बियांपासून लावलेली झाडे एकमेकांपासून वेगळी निघतात, म्हणून ती वापरायची असतील तर अनेक पिढ्या स्वपरागीकरण करून स्थिर वंश काढल्यानंतरच वापरावीत.

शेतातील आराखडा

समजा, ६० नमुने हाताशी आहेत. प्रत्येकाचे बियाणे मुबलक असेल, तर दोन किंवा तीन पुनरावृत्त्यांचा यादृच्छिक गट आराखडा पुरेसा होतो. मात्र ६० वाफ्यांचा एक गट इतका लांब पसरतो की त्याच्या दोन टोकांची जमीन सारखी राहत नाही, म्हणून गट लहान ठेवणारा अल्फा-लॅटिस आराखडा अधिक बरा. बियाणे चिमूटभरच असेल, जसे परसबागेतल्या नमुन्यांचे बहुधा असते, तर फेडररचा संवर्धित आराखडा वापरावा. त्यात नमुने एकदाच लावतात आणि तीन-चार तुल्य (तुलनेसाठी ठरवलेले) वाण प्रत्येक गटात पुन्हा पुन्हा येतात, ज्यांवरून जमिनीतील फरकाची दुरुस्ती करता येते.

दोन पुनरावृत्त्या, प्रत्येक वाफ्यात २० झाडे आणि ९० गुणिले ४५ सेंटीमीटर अंतर धरले, तर २,४०० झाडांना सुमारे ९७२ चौरस मीटर, म्हणजे साडेनऊ गुंठ्यांच्या आसपास जागा लागते. वाटा आणि कडेच्या संरक्षक ओळी धरून बारा गुंठे राखून ठेवावेत. प्रो-ट्रेमध्ये कोकोपीटवर रोपे तयार करताना प्रत्येक ट्रेला एकच नमुना द्यावा. दोन नमुने एका ट्रेमध्ये भरून मध्ये सुतळी बांधण्याची काटकसर मी एका हंगामात केली होती. पाणी देणाऱ्याने ट्रे उलटा फिरवला आणि दोन नमुन्यांची ओळख कायमची गेली.

बुटकी आणि सतत वाढणारी अशा दोन्ही प्रकारची झाडे एकाच प्रयोगात असतील, तर बांधणी सर्वांना सारखीच द्यावी, नाहीतर फळसंख्येतील फरक वाणाचा की काठी-तारेचा हे कळत नाही. रोगप्रतिकार हा प्रश्न नसेल तर पिकाचे संरक्षण सर्वत्र सारखे करावे. रोगप्रतिकारच तपासायचा असेल, तर त्यासाठी वेगळा प्रयोग आखावा आणि रोगाला बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी मधून मधून लावाव्यात. एकाच शेतात उत्पादनही मोजू आणि पर्णगुच्छही पाहू असे ठरवले, तर शेवटी दोन्ही आकडे संशयास्पद होतात.

हंगामाचा प्रश्न टाळता येत नाही. खरिपात करपा, उन्हाळ्यात पांढरी माशी आणि तिच्यामार्फत येणारा पर्णगुच्छ, तर रात्री उष्ण झाल्या की फुलगळ, असा महाराष्ट्रातील अनुभव असल्यामुळे एका हंगामातील क्रमवारी दुसऱ्या हंगामात टिकत नाही. किमान दोन हंगाम किंवा एका हंगामात दोन ठिकाणे, एवढी तयारी नसेल, तर उत्पादनाविषयीचे निष्कर्ष काढूच नयेत. फळाचा आकार, कप्पे, वाढीची सवय अशा पक्क्या लक्षणांवर थांबावे.

कोणत्या नोंदी घ्याव्यात

आंतरराष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्थेने १९९६ मध्ये टोमॅटोची वर्णनसूची प्रसिद्ध केली, आणि आपल्याकडे वाणनोंदणीसाठी वेगळेपणा, एकसारखेपणा व स्थिरता यांच्या चाचणीचे निकष आहेत. या दोन्हींतील सगळीच लक्षणे घेण्याची गरज नाही. दहा-बारा संख्यात्मक आणि तितकीच गुणात्मक लक्षणे काळजीपूर्वक घेतली, तर ती पन्नास घाईच्या नोंदींहून जास्त मोलाची ठरतात. वाफ्याच्या कडेची झाडे सोडून मधल्या पाच झाडांना खूण करावी आणि शेवटपर्यंत त्याच झाडांच्या नोंदी घ्याव्यात.

संख्यात्मक लक्षणांत पहिल्या फुलापर्यंतचे दिवस, झाडाची उंची, घोसातील फुले आणि त्यांपैकी धरलेली फळे, फळाचे वजन, लांबी व व्यास, कप्प्यांची संख्या, सालीखालच्या गराची जाडी, झाडामागे उत्पादन, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर मोजलेले विद्राव्य घनपदार्थ यांचा समावेश असावा. ब्रिक्स (म्हणजे हेच विद्राव्य घनपदार्थ) मोजताना फळे एकाच पक्वतेची घ्यावीत, आदल्या दिवशी पाणी दिले असेल तर ते सर्व वाफ्यांना सारखे दिले होते याची खात्री करावी, आणि प्रत्येक वाचनानंतर काच डिस्टिल्ड पाण्याने पुसावी. आकाराच्या नोंदींसाठी फळ उभे कापून स्कॅनरवर ठेवावे. ओहायो स्टेट विद्यापीठात तयार झालेले टोमॅटो अ‍ॅनालायझर हे सॉफ्टवेअर अशा प्रतिमेवरून आकाराची अनेक मापे काढून देते, आणि 'लंबगोल की अंडाकृती' या वादात वेळ जात नाही.

गुणात्मक लक्षणांपैकी एकाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते, ते म्हणजे कच्च्या फळाच्या देठाजवळचा गडद हिरवा भाग. फळ एकसारखे पिकावे म्हणून पैदासकारांनी गेल्या शतकात हा भाग नसलेली झाडे निवडली. या निवडीत जीएलके-२ या जनुकाचे निकामी रूप सर्वत्र पसरले, आणि हे जनुक फळातील हरितलवकांच्या विकासाशी निगडित असल्यामुळे फळातील साखरही त्याबरोबर घटली, असे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. गावठी वाणांत हे हिरवे खांदे अजून सापडतात. वर्णनसूचीत ती एक 'आहे किंवा नाही' एवढीच नोंद आहे, पण चवीसाठी पैदास करणाऱ्याला तिच्यात पालक सापडू शकतो.

नोंदींपासून आकड्यांपर्यंत

प्रसरण-विश्लेषणातून (एकूण फरकाची वाण, जमीन आणि योगायोग अशी विभागणी करणाऱ्या गणितातून) प्रत्येक लक्षणासाठी नमुन्यांचा आणि त्रुटीचा सरासरी वर्ग मिळतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. फळाच्या सरासरी वजनासाठी नमुन्यांचा सरासरी वर्ग ४२०, त्रुटीचा ६०, पुनरावृत्त्या २ आणि एकूण सरासरी ६० ग्रॅम आहे. जनुकीय प्रसरण म्हणजे ४२० वजा ६० भागिले २, अर्थात १८०. त्यात त्रुटीचे ६० मिळवले की बाह्यलक्षणी प्रसरण २४० होते. १८० चे वर्गमूळ १३.४, त्याला सरासरीने भागून जनुकीय परिवर्तनांक २२.४ टक्के येतो. त्याच पद्धतीने बाह्यलक्षणी परिवर्तनांक २५.८ टक्के. आनुवंशिकता १८० भागिले २४०, म्हणजे ७५ टक्के. वरची पाच टक्के झाडे निवडली तर अपेक्षित जनुकीय प्रगती २.०६ (पाच टक्के निवडीचा ठरलेला गुणक) गुणिले ०.७५ गुणिले १५.५ (२४० चे वर्गमूळ), म्हणजे सुमारे २४ ग्रॅम, किंवा सरासरीच्या ४० टक्के.

हे आकडे आकर्षक दिसतात, म्हणून त्यांची मर्यादा येथेच सांगितलेली बरी. ही आनुवंशिकता एका ठिकाणच्या एका हंगामातली आहे, आणि तिच्या जनुकीय भागात वाण व हवामान यांचा परस्परप्रभावही मिसळलेला आहे. दोन हंगामांची माहिती एकत्र केली की ती बहुधा खाली येते. आनुवंशिकता आणि जनुकीय प्रगती दोन्ही जास्त असतील, तर थेट निवडीने लक्षण सुधारण्याची आशा धरता येते. आनुवंशिकता जास्त पण प्रगती कमी असेल, तर संग्रहातच त्या लक्षणाचा पसारा तोकडा आहे आणि नवे जननद्रव्य आणावे लागेल.

अनेक लक्षणांवरून नमुन्यांतील अंतर काढण्यासाठी आपल्याकडील विद्यापीठांत महालनोबिस यांचे डी-वर्ग अंतर आणि टोचर पद्धतीची गटवारी जवळजवळ रूढी म्हणून वापरली जाते. पद्धत उत्तम आहे, कारण फळाचे वजन आणि व्यास यांसारखी एकमेकांशी बांधलेली लक्षणे ती दोनदा मोजत नाही. पण टोचर गटवारीत पुष्कळदा पहिल्या गटात चाळीस नमुने आणि शेवटी एकेका नमुन्याचे पाच-सहा गट असे चित्र निघते, आणि प्रबंधाचा शेवट 'सर्वांत दूरच्या गटांत संकर करावा' या वाक्याने होतो. एकट्याने गट झालेला नमुना खरोखर वेगळा आहे, की त्याच्या वाफ्यात पाणी साचले होते, हे पाहण्यासाठी मूळ नोंदवही पुन्हा उघडावी. प्रत्येक लक्षणाचा एकूण अंतरातील वाटाही पाहावा. एकट्या फळाच्या वजनाचा वाटा अर्ध्याहून जास्त असेल, तर ती गटवारी म्हणजे मोठी फळे आणि लहान फळे यांची यादीच होय. गुणात्मक आणि संख्यात्मक लक्षणे एकत्र वापरायची असतील, तर गॉवरचे अंतर सोयीचे पडते. गणितासाठी 'आर' ही मोफत संगणकीय भाषा शिकून घेणे दीर्घकाळ उपयोगी पडते. तोपर्यंत हिसारच्या कृषी विद्यापीठाचे ऑपस्टॅट पुरते.

डीएनए काढणे

पान शेतातून घेण्यापेक्षा प्रो-ट्रेमधील तीन-चार आठवड्यांच्या रोपाचे कोवळे पान घ्यावे. ते स्वच्छ असते, आणि जुन्या पानातील पिष्टमय व फेनॉलयुक्त पदार्थ, ज्यांमुळे डीएनए चिकट व तपकिरी होतो, त्यात कमी असतात. सीटॅब (डीएनए वेगळा करणाऱ्या साबणासारख्या रसायनाची) पद्धत टोमॅटोला चांगली लागू पडते; द्रावणात तपकिरी होणे रोखणारे पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथॅनॉल मिसळावे, आणि क्लोरोफॉर्मचे काम धूरकक्षातच करावे. २६० व २८० नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर १.८ च्या आसपास यावे, पण त्या एका आकड्यावर विसंबू नये; ०.८ टक्के अ‍ॅगरोज जेलवर एकसंध पट्टी दिसते की खाली ओघळलेला डाग, हे डोळ्यांनी पाहावे.

खरा निर्णय एका झाडाचा डीएनए घ्यायचा की अनेक झाडांचा, हा आहे. स्थिर वंशासाठी एकच झाड घ्यावे, त्याचा डीएनए काढावा आणि त्याच झाडाची फुले पिशवीत झाकून त्याचेच बियाणे राखावे, म्हणजे संगणकातील माहिती आणि पाकिटातील बी एकाच झाडाचे राहते. गावठी वाणासाठी आठ-दहा झाडांचा डीएनए स्वतंत्रपणे काढावा; सर्वांची पाने एकत्र वाटली, तर वाणाच्या आतील विविधता, जी अशा वाणाची मुख्य ठेव असते, दिसेनाशी होते.

मार्करची निवड

आरएपीडी (RAPD) मार्कर स्वस्त होते म्हणून पूर्वी सर्वत्र वापरले गेले, पण एका प्रयोगशाळेतील पट्ट्या दुसरीत तशाच येतील याचा भरवसा नसल्यामुळे आता ते टाळावेत. लहान प्रयोगशाळेसाठी एसएसआर मार्कर (डीएनएतील लहान पुनरावृत्त तुकड्यांची लांबी मोजणारे) अजूनही योग्य आहेत. बारा गुणसूत्रांपैकी प्रत्येकावर चार धरून ४८ मार्करपासून सुरुवात करावी, आणि लागवडीखालील टोमॅटोत त्यांपैकी बरेच एकाच मापाचे निघतील, हे गृहीत धरावे. दोन अ‍ॅलीलमधील (एकाच स्थानावरच्या दोन रूपांतील) फरक अनेकदा दोन ते चार बेसपुरता (डीएनएच्या अक्षरांपुरता) असतो. तो अ‍ॅगरोज जेलवर दिसत नाही. पॉलिअ‍ॅक्रिलमाइड जेल किंवा केशनलिकेचे यंत्र उपलब्ध नसेल, तर मोठा फरक देणारे मार्करच निवडावेत, अन्यथा 'विविधता कमी आहे' हा निष्कर्ष जेलचा असतो, टोमॅटोचा नव्हे.

नमुने शंभराच्या पुढे असतील, किंवा गुणसूत्राच्या कोणत्या भागात विविधता आहे हे पाहायचे असेल, तर एसएनपी (डीएनएच्या एकेका अक्षरातील फरक) घ्यावेत. त्यासाठी आधीच ठरवलेल्या एसएनपींची चिप असते, किंवा जनुकसंचाचे निवडक भाग वाचणारे जीबीएस तंत्र असते. दोन्ही कामे बाहेरच्या सेवेकडून करून घेता येतात. चिपचा एक दोष लक्षात ठेवावा. सोलकॅप या अमेरिकी प्रकल्पातील चिपसारख्या चिपवरील एसएनपी ज्या अमेरिकी वाणांत शोधले गेले, त्या वाणांतील फरक ती ठळक दाखवते, आणि आपल्याकडील परसबागेतल्या वाणाचे वेगळेपण तिच्या यादीतच नसते. जीबीएसचा दोष रिकाम्या जागांचा आहे, म्हणजे काही नमुन्यांत काही स्थाने वाचलीच जात नाहीत. तरीही स्थानिक वाणांसाठी मी जीबीएसच निवडीन.

आणखी एक आंधळी जागा आहे. एसएनपी हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हाइन्झ १७०६ या वाणाच्या संदर्भ-जनुकसंचाशी तुलना करून ओळखतात. त्या प्रकल्पात भारतीय संस्थांनी पाचव्या गुणसूत्राचे काम केले होते. पुढे २०१९ मध्ये ७२५ नमुने एकत्र पाहिले, तेव्हा संदर्भात अजिबात नसलेली ४,८७३ जनुके सापडली. त्यामुळे अशा तुलनेत 'फरक नाही' असे उत्तर आले, तर तो फरक संदर्भ-जनुकसंचाबाहेरच राहिलेला असू शकतो.

माहिती गाळणे आणि मोजणे

ज्या एसएनपीमध्ये वीस टक्क्यांहून जास्त नमुन्यांचे वाचन नाही, ते काढून टाकावेत. ज्या नमुन्याचे वाचन फारच अपुरे आहे, त्याचा डीएनए पुन्हा काढावा. पाच टक्क्यांहून कमी वारंवारता असलेले अ‍ॅलील गाळण्याची प्रथा मात्र डोळे झाकून पाळू नये. गटरचना शोधताना ती योग्य आहे, पण दुर्मीळ अ‍ॅलीलच शोधायला निघालेल्या पैदासकाराने तीच गाळणी लावली, तर गहू टाकून कोंडा ठेवल्यासारखे होईल. खरा दुर्मीळ अ‍ॅलील आणि वाचनातील चूक यांत फरक करण्यासाठी पाच-सहा नमुने दोनदा वाचून घ्यावेत.

अपेक्षित विषमयुग्मता म्हणजे एका स्थानावरील अ‍ॅलीलांच्या वारंवारतांच्या वर्गांची बेरीज एकातून वजा केलेली संख्या. दोन अ‍ॅलील ०.९ आणि ०.१ असतील, तर ती ०.१८ येते, दोन्ही ०.५ असतील तर ०.५०. बहुरूपता माहितीमूल्य (मार्कर नमुने वेगळे ओळखायला किती उपयोगी याचे माप) याहून थोडे कमी असते, अनुक्रमे ०.१६ आणि ०.३७५. दोनच रूपे असलेल्या एसएनपीला ०.३७५ च्या पुढे जाताच येत नाही, म्हणून एसएसआरचे आणि एसएनपीचे माहितीमूल्य एका तक्त्यात शेजारी लावून 'एसएसआर श्रेष्ठ' असे म्हणणे चुकीचे आहे.

प्रत्यक्ष विषमयुग्मता ही अपेक्षितापेक्षा बरीच कमी यायला हवी. अपेक्षित ०.३० आणि प्रत्यक्ष ०.०३ असेल, तर अंतःप्रजनन गुणांक (एकातून प्रत्यक्ष भागिले अपेक्षित वजा करून) ०.९० येतो, आणि त्यावरून परपरागीकरणाचे प्रमाण ०.१ भागिले १.९, म्हणजे साधारण पाच टक्के निघते. हे टोमॅटोला शोभणारे आहे. एखाद्या 'स्थिर' वंशात दहा टक्क्यांहून जास्त स्थाने विषमयुग्मी दिसली, तर तो स्थिर नाही किंवा पाकिटात भेसळ आहे. याच टप्प्यावर प्रत्येक दोन नमुन्यांतील साम्य काढावे. ९९ टक्क्यांहून जास्त साम्य असलेल्या वेगवेगळ्या नावांच्या जोड्या बहुधा एकच वाण असतात.

गट शोधताना

स्ट्रक्चर हे सॉफ्टवेअर सर्वांत परिचित आहे, पण त्याच्या गृहीतकात प्रत्येक गटात मुक्त परागीकरण होते असे धरलेले असते, आणि टोमॅटोत ते होत नाही. म्हणून त्याच्या निकालाला घटक-विश्लेषण आणि डीएपीसी या, असे गृहीतक न धरणाऱ्या, पद्धतींची जोड द्यावी. गटांची संख्या ठरवताना वापरली जाणारी इव्हानो पद्धत 'गट एकच आहे' हे उत्तर कधीच देऊ शकत नाही. ती दोन म्हणाली, तर आधी सगळा संग्रह एकच गट असण्याची शक्यता तपासावी. वंशवृक्ष काढल्यास त्याच्या फांद्यांवर बूटस्ट्रॅपचे आकडे (माहिती पुन्हा पुन्हा निवडून ती फांदी किती टक्के वेळा निघते ते) द्यावेत. तीस टक्के आधार असलेल्या फांदीवर परिच्छेद लिहू नये.

त्यानंतर विविधता गुणसूत्रनिहाय मांडावी, आणि माझ्या मते सगळ्या विश्लेषणातील हीच पायरी सर्वाधिक शिकवून जाते. सहाव्या गुणसूत्रावर सूत्रकृमींविरुद्धचे एमआय-१ आणि चिलेन्स प्रजातीतून आलेली टीवाय-१ व टीवाय-३ ही पर्णगुच्छविरोधी जनुके बसलेली आहेत. नवव्यावर मोझॅकविरुद्धचे टीएम-२ वर्ग (Tm-2²). अकराव्यावर हॅब्रोकायटिस या जंगली प्रजातीतून एच-२४ या भारतीय वंशात आलेले टीवाय-२. या जनुकांबरोबर जंगली डीएनएचा मोठा पट्टा येतो. एमआय-१ तर १९४४ मध्ये भ्रूणसंवर्धनाने वाचवलेल्या एकाच संकरित झाडापासून जगभर गेले, म्हणजे सूत्रकृमीप्रतिकारक असे शंभर वाण तेथे एकसारखेच आहेत. सहावे, नववे आणि अकरावे ही तीन गुणसूत्रे वगळून सरासरी पुन्हा काढावी. ती निम्म्यावर आली, तर संग्रहाची 'विविधता' या पट्ट्यांमुळेच होती.

जोड्या निवडणे

आता शेतातील अंतर आणि डीएनए-अंतर यांचे दोन तक्ते शेजारी ठेवावेत. मँटेल चाचणीत (दोन अंतर-तक्त्यांचा मेळ तपासणाऱ्या) त्यांचा संबंध बहुधा क्षीण निघतो, आणि त्याने निराश होण्याचे कारण नाही, कारण दोन्ही मापे वेगळ्या गोष्टी मोजतात. शेतात जवळ पण डीएनएत दूर असलेली जोडी सर्वांत मोलाची: दोघांची फळे बाजाराला चालणारी, पण ती वेगवेगळ्या जनुकांनी घडलेली, त्यामुळे पुढच्या पिढीत दोघांहून सरस झाडे निघण्याची शक्यता राहते. शेतात दूर पण डीएनएत जवळ अशी जोडी आकाराच्या एखाद्या जनुकापुरतीच वेगळी असते; तिच्यावर संकराचा हंगाम खर्च करू नये. दोन्हींत टोकाची दूर असलेली जोडी, उदाहरणार्थ धनश्री आणि पिम्पिनेलिफोलियम, थेट वाणासाठी नसून जनुक उचलण्यासाठी असते, आणि फळाचा आकार परत मिळवण्यासाठी तेथे चार-पाच प्रतिसंकर (मोठ्या फळाच्या पालकाशी पुन्हा केलेले संकर) धरून चालावे.

सुरुवातीला आठ-दहाच जोड्या घ्याव्यात, आणि प्रत्येक पालकाची स्वतःची कामगिरी चांगली असावी. केवळ अंतर मोठे आहे म्हणून कमी फळधारणेचा पालक निवडू नये. नर-मादी कोण हे ठरवताना ज्याचे बियाणे खात्रीचे आणि फुले मोठी, तो मादी ठेवला तर पराग काढून टाकण्याचे काम सोपे जाते. उमललेल्या फुलात स्वपरागीकरण बहुधा झालेले असते, म्हणून कळी फिकट पिवळी असतानाच, उमलण्याच्या आदल्या दिवशी, परागकोषांची नळी चिमट्याने काढावी. फांदीला बांधलेल्या चिठ्ठीवर दोन्ही पालकांचे झाड-क्रमांक पेन्सिलीने लिहावेत, कारण शाई पहिल्याच पावसात उतरते.